मोटर माउंटचे स्क्रू: घरी बनवलेल्या आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानासाठी कोणते घ्यावेत आणि कसे बसवावेत

उडत्या विमानाची मोटर सुटून पडली की पहिला संशय स्क्रूच्या मजबुतीवर येतो. सापळा उचलून नीट पाहिलं तर स्क्रू सहसा धडधाकट सापडतात. कुठे आटे उलगडत स्क्रू बाहेर आलेला असतो, कुठे त्याच्या डोक्याखालचं प्लायवूड दबून खड्डा झालेला असतो, तर कुठे टी-नटच (दातांनी लाकडात रुतणारा चकतीचा नट) लाकडातून उपटलेला असतो. म्हणून दुकानात "सगळ्यात मजबूत स्क्रू द्या" असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही. विचारायचं ते असं: आवळल्यावर आलेला ताण शेवटपर्यंत टिकेल का, आणि तो झेलणारा पदार्थ कोणता आहे?

थोडं गणित करून पाहू. ८.८ ग्रेडचा साधा एम-३ (३ मिमी व्यासाचा) स्क्रू कायमचा न ताणता सुमारे २९०० न्यूटन ओढ सहन करतो, म्हणजे जवळजवळ ३०० किलोचं वजन. आता १ किलो थ्रस्ट (विमान पुढे नेणारा जोर) देणारी मोटर घ्या. चार स्क्रूंत वाटला तर तो थ्रस्ट प्रत्येकी पाव किलो होतो. ३०० वॅट आणि ९००० आरपीएमला मोटरचा उलटा पीळ साधारण ०.३२ न्यूटन-मीटर असतो. १९ मिमी अंतरावरच्या भोकांवर त्याचे प्रत्येक स्क्रूला ८-९ न्यूटन येतात. स्क्रूच्या दृष्टीने हे काहीच नाही.

खरा त्रास असंतुलित प्रोपेलरचा. मध्यापासून ५ सेंटिमीटरवर फक्त १ ग्रॅम वजन जास्त असलं, तर ९००० आरपीएमला सुमारे ४४ न्यूटनची ओढ तयार होते आणि ती सेकंदाला १५० वेळा सगळ्या बाजूंनी फिरते. दहा इंची प्रोपचं टोक उडालं आणि तेवढंच वजन टोकापाशी कमी झालं, तर हाच आकडा ११० न्यूटनच्या पुढे जातो. ही ओढ स्क्रूच्या अक्षाला आडवी असते. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोग करून दाखवलं की स्क्रू सैल करण्यात आडव्या कंपनांचा वाटा सगळ्यात मोठा असतो. जोड आडवा किंचित जरी सरकला, तरी आट्यांमधलं घर्षण त्या क्षणापुरतं निकामी होतं आणि आवळलेला स्क्रू आपल्याच ताणाने उलटा फिरू लागतो. प्रोपेलर बॅलन्स करणं हेही मोटर माउंटचंच काम आहे, हे इथे लक्षात घ्या. उत्तम स्क्रू लावून वाकडा प्रोप फिरवण्यात काही हशील नाही.

पायरी १: दोन जोड आहेत, ते वेगळे धरा

बहुतेक इलेक्ट्रिक विमानांत मोटर आधी धातूच्या क्रॉस माउंटला (फुलीच्या आकाराच्या बैठकीला) बसते आणि तो माउंट प्लायवूडच्या फायरवॉलला, म्हणजे मोटर झेलणाऱ्या आडव्या फळीला. पहिला जोड धातूवर धातू, दुसरा धातूवर लाकूड. या दोन्हींना एकच उपाय लावला की गडबड होते. पहिल्या जोडात स्क्रू आखूड असतो आणि आटे मोटरच्या अ‍ॅल्युमिनियम बुडात असतात. तिथे थ्रेडलॉकर, म्हणजे आट्यांत घट्ट होणारा द्रव, हवा. दुसऱ्या जोडात दबतं ते लाकूड, म्हणून तिथे रुंद वॉशर, आरपार बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) किंवा टी-नट लागतो. मोटर थेट प्लायला बसवणार असाल तर दोन्ही अडचणी एकाच स्क्रूवर येतात, आणि मग आणखी जपून काम करावं लागतं.

मोटर पुढून ओढते की मागून ढकलते, तेही पाहा. मोटर फायरवॉलच्या पुढच्या तोंडावर असेल आणि प्रोप पुढे असेल, तर थ्रस्ट मोटरला फायरवॉलपासून दूर खेचतो आणि सगळी ओढ स्क्रूंवर येते. पुशर विमानात तोच थ्रस्ट मोटरला फायरवॉलवर दाबतो. त्यामुळे पुशरमध्ये चालून गेलेली जुगाड पद्धत पुढच्या मोटरला चालेलच असं नाही.

पायरी २: आटे आणि भोकांचं अंतर मोजा

मोटरच्या नावावर जाऊ नका, कॅलिपर लावा. २२ मिमी स्टेटरच्या (मोटरच्या आतल्या, न फिरणाऱ्या भागाच्या) मोटरींवर बहुधा १६ आणि १९ मिमी अंतराच्या दोन जोड्या असतात आणि आटे एम-३ असतात. लहान मोटरींवर १२ मिमी अंतर आणि एम-२ आटे दिसतात. ३५ मिमी वर्गात २५ मिमी अंतर आणि एम-३ आटे नेहमीचे. त्याहून मोठ्या मोटरींना एम-४ लागतात. अंतर समोरासमोरच्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं.

आट्यांची घनताही महत्त्वाची. एम-३ चा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.५ मिमी असतो. जुन्या किंवा इंची मापाच्या सामानात ४-४० हा स्क्रू सापडतो. त्याचा व्यास २.८४ मिमी आणि पिच ०.६३५ मिमी. हातात घेतल्यावर तो एम-३ सारखाच वाटतो, भोकात एखादा वेढा जातोही, आणि मग अडकतो. तिथे जोर लावला की अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले. कोणताही स्क्रू पहिले तीन-चार वेढे नुसत्या बोटांनी जायलाच हवा. जात नसेल तर काढून पिच तपासा.

पायरी ३: लांबी ठरवा, इथे वेळ घालवा

मोटर जळण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे लांब स्क्रू. मोटरच्या बुडातली भोकं बहुतेक वेळा आरपार असतात आणि पलीकडे लगेच तांब्याचं वाइंडिंग असतं. स्क्रू अर्धा-एक मिलिमीटर जास्त गेला तरी तारेवरचं इनॅमल खरवडतं. कधी लगेच शॉर्ट होतो. कधी जमिनीवर सगळं ठीक चालतं आणि कंपनांनी इनॅमल झिजून काही उड्डाणांनंतर मोटरबरोबर ईएससीही (मोटरचा वेग नियंत्रित करणारं सर्किट) जातो.

मापायची रीत सोपी आहे. लाकडी टूथपिक भोकात हलकेच घाला, वाइंडिंगला टेकली की मोटरच्या बुडापाशी खूण करा आणि कॅलिपरने मोजा. धातूची टाचणी यासाठी वापरू नका. समजा खोली ५ मिमी आली. त्यातला १ मिमी मोकळा सोडला की आट्यांसाठी ४ मिमी उरतात. अ‍ॅल्युमिनियममध्ये स्क्रूच्या व्यासाच्या दीडपट पकड मिळाली तर उत्तम, म्हणजे एम-३ ला साडेचार मिमी. ४ मिमी चालतील, ३ च्या खाली नको. माउंटची जाडी २ मिमी असेल तर २ अधिक ४, म्हणजे एम-३ × ६ घ्यायचा.

मोटर थेट ३ मिमी प्लायवर असेल तर ३ अधिक ४, आणि ०.५ मिमीचा साधा वॉशर, असे साडेसात होतात. त्या मापाचा स्क्रू मिळत नाही आणि ८ चा घेतला तर मोकळी जागा अर्ध्यावर येते. अशा वेळी दोन वॉशर लावा, हिशेब बरोबर ८ वर बसतो. स्क्रू कापून आखूड करायचाही पर्याय आहे, पण कापण्याआधी त्यावर नट चढवून ठेवा. कापून, टोक घासून झाल्यावर नट बाहेर काढला की आटे साफ होतात.

सीएसके, म्हणजे माउंटच्या उतरत्या भोकात समतल बसणाऱ्या सपाट डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्यासकट मोजतात. बाकी सगळ्यांची डोक्याखालून. त्यामुळे एका प्रकाराच्या जागी दुसरा वापरताना आत जाणारी लांबी पुन्हा मोजा. स्क्रू बदलताना हे हमखास विसरलं जातं.

मोटर थोडी उजवीकडे किंवा खाली झुकवायला एका बाजूच्या स्क्रूखाली वॉशर सरकवायची सवय अनेकांना असते. त्या बाजूची पकड वॉशरच्या जाडीइतकी कमी होते आणि डोकं एका कडेवर टेकतं. प्लायची पूर्ण पाचर घासून माउंटखाली घाला, आणि लांबी दोन्ही बाजूंसाठी वेगळी मोजा.

स्क्रू बसवल्यावर मोटरच्या तारा ईएससीपासून सोडवा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक मोटरच्या तारेला आणि दुसरं स्क्रूच्या डोक्याला लावा. बीप वाजला तर स्क्रू लगेच काढा. नाही वाजला तरी मापात शंका असेल तर आखूडच घ्या.

पायरी ४: डोकं आणि ग्रेड

माझी पसंती सरळ आहे: जागा असेल तिथे कॅप हेड, म्हणजे उंच, गोल डोक्याचा स्क्रू. एम-३ कॅप हेडला २.५ मिमीची अ‍ॅलन की लागते, तर बटन हेड (बुटक्या, घुमटाकार डोक्याचा) आणि सीएसकेला २ मिमीची. लहान की, उथळ खाच, आणि वर थ्रेडलॉकर, म्हणजे काढताना खाच गोल झालीच म्हणून समजा. क्रॉस माउंटच्या भोकांना उतार दिलेला असेल तर मात्र सीएसकेच लावावे लागतात. तिथे कॅप हेड नुसत्या काठावर टेकतो.

१२.९ ग्रेडचे काळे स्क्रू कडक असतात, त्यांची खाच टिकते, पण दमटपणात गंज धरतात. ए२-७० स्टेनलेस गंजत नाही, पण त्यापेक्षा मऊ असतो, आणि स्टेनलेस नटात कोरडा आवळला तर कधी आटे एकमेकांत चिकटून बसतात. मजबुतीला दोन्ही पुरेसे आहेत. अ‍ॅल्युमिनियमचे रंगीत स्क्रू एक-दोन ग्रॅम वाचवतात, मोटरसाठी ते नकोत. नायलॉनचे बोल्ट पंखांसाठी चांगले, कारण धडकेत ते तुटून पंख वाचतो. मोटर तुटून सुटावी असं मात्र कोणालाच वाटत नसतं.

पायरी ५: फायरवॉलचा जोड

एम-३ स्क्रू ०.९ न्यूटन-मीटरने आवळला तर त्यात साधारण १५०० न्यूटनचा ताण येतो. कॅप हेडच्या डोक्याखाली प्रत्यक्ष टेकणारं क्षेत्रफळ १६ चौरस मिमीच्याही आत असतं. एवढा दाब प्लायला झेपत नाही, डोकं हळूहळू रुततं. आणि ४ मिमी पकडीत एवढा ताण येण्यासाठी स्क्रू किती ताणला गेलेला असतो? फक्त ६ मायक्रॉन. लाकूड तेवढं दबलं की सगळा ताण संपला. स्क्रू जिथल्या तिथे दिसतो, फिरलेला नसतो, तरी जोड मोकळा झालेला असतो.

यावर तीन उपाय एकत्र करायचे. पहिला, रुंद वॉशर. एम-३ साठी ९ मिमी व्यासाचा, ०.८ मिमी जाड वॉशर मिळतो. टेकणारं क्षेत्रफळ त्याने साडेतीन पट होतं. नटाच्या बाजूलाही तोच. दुसरा, फायरवॉलच्या मागे पातळ अ‍ॅल्युमिनियम किंवा ग्लास-इपॉक्सीची पट्टी, म्हणजे दाब चारही भोकांत पसरतो. तिसरा, चांगला प्लाय. बर्च प्लाय ३ मिमी लहान विमानांना पुरतो, एक-दीड किलोच्या पुढे ५-६ मिमी घ्यावा. लाइट प्लाय नावाप्रमाणे हलका आणि मऊ असतो, फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) भिंतींना छान, मोटरखाली नाही. बाल्सा हे अतिहलकं लाकूड तर इथे नकोच.

मागे हात पोचत असेल तर आरपार बोल्ट आणि नायलॉक नट हा सगळ्यात निश्चिंत मार्ग. नायलॉनच्या कड्यातून बोल्टचे एक-दोन आटे बाहेर दिसायलाच हवेत, नाहीतर कडं पकडतच नाही. नट बोटांनी शेवटपर्यंत फिरू लागला की टाकून द्या.

हात पोचत नसेल तर टी-नट. तो फायरवॉलच्या मागच्या तोंडावर बसतो आणि बोल्ट पुढून येतो, म्हणजे बोल्ट ओढेल तसा टी-नट लाकडात आणखी घट्ट बसतो. पुढच्या बाजूने ठोकलेला टी-नट फक्त दातांच्या भरवशावर असतो, तो उपटतो. भोक त्याच्या नळीच्या मापाचं पाडा आणि हातोडी मारण्याऐवजी लांब बोल्ट व मोठा वॉशर लावून त्याला हळूहळू आत ओढा. तिरका बसत नाही, प्लायचे थरही फुटत नाहीत. मग चकतीच्या कडेला इपॉक्सीचा पातळ थर द्या. आट्यांत इपॉक्सी जाऊ नये म्हणून बोल्टला व्हॅसलिन चोळून तो आत असतानाच इपॉक्सी लावा, आणि नंतर व्हॅसलिन स्पिरिटने नीट पुसून टाका.

लाकडी स्क्रूंना माझी फक्त लहान मॉडेलपुरती संमती आहे. आधी स्क्रूच्या गाभ्याइतकं भोक पाडा, स्क्रू एकदा पिळून बाहेर काढा, भोकात पातळ सीए गोंदाचे (झटकन चिकटणाऱ्या सुपरग्लूचे) दोन थेंब सोडा, पूर्ण वाळू द्या, मग पुन्हा स्क्रू बसवा. लाकडात उठलेले आटे कडक होतात. रेषांच्या टोकाकडून, म्हणजे लाकडी काठीच्या तोंडात उभा गेलेला स्क्रू फारच कमी धरतो, म्हणून स्टिक माउंटचा (काठीवर बसणाऱ्या माउंटचा) स्क्रू नेहमी काठीला आडवा जायला हवा.

फोमच्या विमानात फायरवॉल फोमला चिकटवलेली असते आणि तिथे हॉट ग्लू वापरला असेल तर स्क्रूंची निवड करून काही उपयोग नाही. मोटरच्या उष्णतेने तो मऊ पडतो. इपॉक्सीने चिकटवा आणि फायरवॉल फोमच्या कडांत अडकवून बसवा.

धातूच्या माउंटला जादा भोक पाडायचं असेल, तर मोटर आधी काढून पिशवीत बांधून दूर ठेवा. तिचे चुंबक पोलादाचा कीस अचूक ओढून घेतात आणि तो घंटेच्या, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या बाहेरच्या कवचाच्या, आतून काढणं महाकठीण.

थ्रीडी प्रिंट माउंटबद्दल थोडक्यात: पीएलए साधारण ६० अंशाला मऊ पडू लागतं आणि तापलेली मोटर तिथे सहज पोचते. पीईटीजी सुमारे ८०, एबीएस १०० च्या आसपास. प्लास्टिकमध्ये थेट आटे पाडू नका, आरपार बोल्ट आणि नायलॉक लावा किंवा उष्णतेने बसवायचे पितळी इन्सर्ट घ्या. आणि प्रिंट अशी आडवी करा की थ्रस्टची ओढ थर सुटे करणार नाही. 

पायरी ६: लॉकिंग

स्प्रिंग वॉशर लावला की काम झालं, असा समज अजून घट्ट रुजलेला आहे. युंकरच्या पद्धतीच्या आडव्या कंपनांच्या चाचणीत हा वॉशर जवळजवळ काहीच राखत नाही, आणि लाकडावर तर तो नुसता चरे पाडतो. काढून टाका.

धातूच्या आट्यांना थ्रेडलॉकर. लॉकटाइट २४३ हा निळा, मध्यम ताकदीचा, एम-३ आणि एम-४ साठी ठीक. एम-२ ला जांभळा २२२ घ्या, नाहीतर काढताना स्क्रूच तुटेल. लाल, जास्त ताकदीचे प्रकार सोडवायला २५० अंशांच्या आसपास तापवावं लागतं, आणि तेवढ्यात मोटरचे चुंबक व इनॅमल दोन्हींची वाट लागते.

हा द्रव हवा नसलेल्या जागी धातूच्या संपर्कात घट्ट होतो. त्यामुळे लाकडात किंवा प्लास्टिकमध्ये तो ओलाच राहतो, आणि एबीएस व पॉलिकार्बोनेटला तर तडे पाडतो. स्टेनलेसवर उशिरा धरतो. आधी स्क्रू आणि मोटरची भोकं तेलापासून स्वच्छ करा. स्पिरिटमध्ये बुडवलेली टूथपिक भोकासाठी पुरते. स्क्रूच्या पुढच्या तीन आट्यांवर एक बारीक थेंब लावा. जास्त लावला तर तो पिळत पिळत आत वाइंडिंगकडे आणि बेअरिंगपर्यंत जातो. एकदा बेअरिंगमध्ये शिरला की मोटर गेली. पूर्ण ताकदीला २४ तास द्या, लगेच उडवायला निघू नका.

नायलॉक नटावर थ्रेडलॉकर लावायची गरज नाही. मोटरच्या शाफ्टवर ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा आखूड स्क्रू) असेल तर तिथे मात्र विसरू नका, तो सगळ्यांत आधी सुटतो.

पायरी ७: आवळण्याची रीत

प्रोप काढून ठेवा. चारही स्क्रू आधी बोटांनी टेकवा. मग समोरासमोरच्या क्रमाने अर्धा-अर्धा वेढा देत दोन फेऱ्यांत आवळा. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर माउंट तिरका बसतो आणि पहिल्याचा ताण आपोआप उतरतो. धातूवर धातू असेल तिथे अ‍ॅलन कीचा आखूड दांडा हातात धरून बोटांनी जेवढा येईल तेवढा जोर पुरे. मोटरच्या अ‍ॅल्युमिनियमचे आटे लांब दांड्याने सहज सोलले जातात. प्लायवर वॉशर लाकडाला नीट टेकून किंचित रुतू पाहतो, तिथे थांबा.

मग प्रत्येक डोक्यावरून माउंटपर्यंत पेंट पेनने एक बारीक रेघ ओढा. स्क्रू फिरला तर रेघ तुटलेली दिसते, अ‍ॅलन की न लावता लगेच कळतं.

पायरी ८: तपासणी

पहिल्या उड्डाणानंतर लगेच, मग पाच-सहा उड्डाणांनंतर, आणि पुढे प्रत्येक वेळी प्रोप बदलताना पाहा. प्रोप काढून मोटरची घंटा पकडून चारी बाजूंना ढकला. रेघ शाबूत आहे, तरी मोटर किंचित हलते? मग लाकूड दबलंय. फायरवॉलचे नट पुन्हा आवळा. नवीन प्लायला हे एकदा-दोनदा करावंच लागतं, नंतर ते बसतं. तिसऱ्यांदाही सैल निघालं तर वॉशर वाढवा किंवा मागे पट्टी घाला, आणखी जोर लावून उपयोग नाही. थ्रेडलॉकर लावलेला स्क्रू मात्र उगाच आवळून पाहू नका. पकड तुटली की तो काढून, आटे साफ करून, नवीन थेंब लावून बसवावा लागतो.

नाकावर आपटल्यावर सगळे स्क्रू काढून सपाट काचेवर गडगडवून पाहा. वाकलेला स्क्रू लगेच डुलतो, तो सरळ करत बसू नका. क्रॉस माउंटही त्याच काचेवर ठेवा. वाकला असेल तर तोही बदला, आणि फायरवॉलच्या भोकांभोवती प्लायचे थर सुटलेत का ते मागच्या बाजूने टॉर्च लावून तपासा.